फुलर साहेबांचं आडनाव आणि आमचं

आमचं आडनाव परीट. सिंगापूरला आलो तेव्हा सुरुवातीचे काही महिने मला फार हलकं वाटायचं, कारण या शहरात त्या आडनावाला कसला वासच नव्हता. बँकेतला माणूस स्पेलिंग विचारायचा आणि टाइप करायचा. शेजारच्या टेबलवरचा मलेशियाचा इंजिनीयर त्याचं पॅरिट करायचा. दोघांच्याही चेहऱ्यावर काही हलायचं नाही. ज्याच्या चेहऱ्यावर हलायचं तो मराठी असायचा.

परदेशात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की तो आधी आनंदतो आणि मग आडनाव विचारतो. आडनावावरून भागलं नाही तर मूळ गाव विचारतो. ही आपुलकी असते असं मला अनेकांनी समजावलंय. असेल. पण परीट म्हटल्यावर समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणतो. दोनदा म्हणतो. देशपांड्यांना एकदाच अच्छा मिळतं, हे मी ऐकत आलोय. त्या दुसऱ्या अच्छावर माझं डोकं फिरतं.

मी वाढलो सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. एसटी स्टँडच्या मागं वडिलांची लॉन्ड्री होती. लॉन्ड्री हा शब्द त्यांनी पाटीवर हौसेनं लाल रंगात रंगवून घेतला होता. आजोबांच्या वेळी लॉन्ड्री नव्हती, बलुतं होतं. घरोघरचे कपडे ओढ्यावर न्यायचे, बिब्ब्यानं खुणा करायच्या, भट्टी लावायची आणि सुगीत दारोदार उभं राहायचं. बाळंतिणीचे कपडे आमच्याकडे, मयताच्या घरचे आमच्याकडे. जे दुसरं कुणी हातात धरणार नाही ते आमच्याकडे.

लग्नात वरमाई मांडवाकडं निघाली की पायघड्या घालायचा मान परटाचा. मान म्हणायचं त्याला. वडिलांना मी ते करताना पाहिलंय. उलट्या पावलांनी मागं सरकत ते धोतरं अंथरायचे, तिनं ओलांडलेलं उचलायचे, पुन्हा पुढं टाकायचे. बाजूनं कुणीतरी तिशीतलं पोर ओरडायचं, "परटा, सरळ घाल की रं!" वडिलांचे केस तेव्हा पांढरे झाले होते. त्यांना नाव होतं, पण ते गावात कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

शाळेत फळा पुसायची वेळ आली की मास्तरांना मीच दिसायचो. "ये रे परटा, तुमचं पुसायचं-धुवायचं रक्तातच आहे." वर्ग हसायचा. मी पुसायचो, आणि गणितात त्या वर्गाला मागं टाकायचो. आमच्या घरात दहावीपुढं गेलेला पहिला मी, इंजिनीयर झालेला पहिला मी. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या, ती कमावलेली आहे. पहिल्या नोकरीत कार्ड छापून मिळालं ते वडिलांना दाखवलं. त्यांनी हात लुंगीला पुसले, मग कार्ड धरलं.

"आडनाव मोठ्या अक्षरात आलंय व्हय?"

"आलंय."

"बरं झालं," म्हणाले, आणि इस्त्रीकडं वळले. वडील आता नाहीत. पण आडनावाचा विषय निघाला की मला ती पाठ दिसते.

बायकोचं म्हणणं उलटं होतं, हे आडनाव बदलून टाकायचं. तिच्या माहेरचंही आडनाव परीटच. लग्नात बदलायचे कष्ट वाचले असं आम्ही थट्टेनं म्हणायचो. पण पुण्याच्या होस्टेलवर तिनं जे काढलं ते थट्टेचं नव्हतं. रूममेटनं पहिल्याच आठवड्यात ओढणी पुढं केली होती, "तुला इस्त्री छान जमत असेल ना गं?" मुलगी चांगली होती म्हणे, मनात काही नव्हतं. मनात काही नसणारी माणसंच मला जास्त भेटलीत.

तिच्या भावानं गॅझेटमधून आडनाव बदलून घेतलं होतं. गावाच्या नावाला कर लावला आणि मोकळा झाला. दर फोनला त्याचं एकच असायचं, "दाजी, काय धरून बसलाय? भाचीचा तरी विचार करा."

भाची म्हणजे आमची मुलगी. सिंगापूरला क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो तेव्हा ती दुसरीत होती. तिच्या पासपोर्टची मुदत त्या वर्षी संपत होती आणि बायकोनं ठरवलं होतं की नवा पासपोर्ट नव्या आडनावानं करायचा. एकदा तो जुन्या नावानं निघाला की शाळा, दाखले, पुढचं सगळं त्याच नावानं चिकटत जाणार. आत्ता बदललं तर बदललं.

आमची भांडणं व्हायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. तिथल्या ब्लॉकमध्ये कपडे बांबूवर घालून बांबू खिडकीबाहेर खोचायची पद्धत आहे. चिनी, मलय, तमिळ, सगळ्यांचे सदरे-लेंगे वाऱ्यावर फडफडत असतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. बायको एक हिसडा देऊन शर्ट असा झटकायची की सुरकुती राहायची नाही, आणि त्याच दमात मला झटकायची.

"तुमचं काय जातंय? तुम्ही साहेब झालात. लोक तुमच्या हुद्द्याशी बोलतात. तिच्या आडनावाशी बोलतील."

"इथं कुणाला कळतंय ते?"

"इथं जन्म काढणार आहोत का? हा कामाचा ईपी पास म्हणजे काय सातबारा आहे? रिन्यू झाला नाही तर गाठोडं बांधून पुण्याला. मग?"

मी मग वडिलांचं नाव काढायचो. ती म्हणायची, "मामंजींनी सोसलं म्हणून तिनंही सोसायचं?" मुलगी चित्र रंगवता रंगवता मान वर करून शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "बट परीट इज सो शॉर्ट. लिहायला इझी लाह." तिच्यापुरता प्रश्न तेवढाच होता.

शेवटी मी हरलो. मेहुण्याला कागद पाठवायचे, गॅझेटचं त्यानं बघायचं, असं ठरलं. सोमवारी पाठवतो म्हणालो. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, इथल्या मराठी मंडळाचं व्याख्यान होतं.

आता मंडळाच्या सेक्रेटरींबद्दल सांगायला हवं. पुण्याचे, मोठ्या पगाराचे, ईस्ट कोस्टला काँडोत राहणारे, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारे. खोटं कशाला बोलू, मला फ्लॅट शोधून द्यायला तेच आले होते. पण त्याच वर्षी गणपतीचं विसर्जन झाल्यावर त्यांनी हळदीकुंकवानं माखलेल्या टेबलक्लॉथचा गठ्ठा सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवला होता. "हे राव तुमच्याकडंच. खानदानी हात!"

सगळे हसले. मी गठ्ठा खाली ठेवला. "तुमच्या घरी वॉशिंग मशीन आहे ना? बटण दाबायला खानदान लागत नाही."

"अहो, चेष्टा केली!" म्हणाले. मी चेष्टा न कळणारा माणूस आहे हे तेव्हापासून मंडळात पक्कं झालं.

बुओना व्हिस्टाला माझं ऑफिस. तिथं आमच्या विभागाचे प्रमुख एक इंग्रज गृहस्थ होते. आडनाव फुलर. निवृत्तीला टेकलेले, उंच, थोडे वाकलेले. त्यांना घराण्यांची मुळं खणायचा नाद होता. सेक्रेटरींचं ऑफिस आमच्याच इमारतीत. लिफ्टमध्ये ओळख झाली आणि त्यांनी साहेबांना मंडळात बोलायला बोलावलं. विषय, इंग्रजी आडनावं. सेरंगून रोडजवळचा भाड्याचा हॉल. पुढच्या रांगेत साड्या, मागं मोबाइल घेऊन पोरं. आम्ही तिघं मधल्या रांगेत.

साहेबांनी स्वतःच्याच आडनावापासून सुरुवात केली. म्हणाले, फुलर म्हणजे कापड तुडवणारा. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट आणि विरविरीत असायचं. ते मोठ्या कुंडात टाकायचं, वरून पाणी आणि माती, आणि साचवून आंबवलेलं मूत. मग पँट वर खोचून दिवसभर पायांनी तुडवायचं. कापड स्वच्छ व्हायचं, आटून दाट व्हायचं. "गावात सगळ्यात घाण वास आमच्या घराला यायचा," साहेब म्हणाले. "माझ्या बायकोचं म्हणणं आहे, अजून येतो." हॉल खदखदून हसला. त्या मातीला अजूनही फुलरची माती म्हणतात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा बायको माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, ही मुलतानी माती. माझ्या डब्यावर तेच छापलंय."

मग त्यांनी पडद्यावर इंग्लंडचा नकाशा लावला. आग्नेयेला, केंटच्या बाजूला, फुलर दाट, नैर्ऋत्येला टकर, आणि उत्तरेला वॉकर. काम एकच, प्रांताप्रांतात शब्द वेगळा, आणि ज्या प्रांतात जो शब्द चालायचा तो तिथल्या लोकांना आडनाव म्हणून चिकटला. पुढं पाणचक्कीवरचे हातोडे आले, पायांचं काम गेलं, आडनावं राहिली. तिथून ती जहाजांत बसून अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेली. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या कुणी कुंडात पाय घातलेला नाही; वडील वकील होते, आजोबा शाळामास्तर.

मी नकाशाकडं बघत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं आमचा नकाशा येत होता. देशावर परीट, विदर्भात वरठी, कर्नाटकात मडिवाळ, हिंदी मुलखात धोबी. आमचेही ठिपके असेच पडले असते. फरक एवढाच, की फुलरचा मुलगा वकील झाला तेव्हा फुलर हा शब्द त्याला सोडून गेला, फक्त अक्षरं राहिली. माझ्या बाबतीत मी इंजिनीयर झालो आणि शब्द तिथंच बसून राहिला, गठ्ठा हातात द्यायला. एकाही फुलरला गॅझेटमध्ये जाऊन केंटकर व्हावं लागलं नाही. साहेब तर त्या आंबलेल्या मुताची गोष्ट सूट घालून सांगत होते, आणि ऐकणारे आमचे लोक "हाउ इंटरेस्टिंग!" म्हणत होते.

टाळ्या झाल्या. दणदणीत. सेक्रेटरी उठून आभार मानायला लागले. इंग्रजीत म्हणाले, आमच्याकडेही आडनावांना असाच इतिहास आहे. त्यांचं स्वतःचं आडनाव गावाचं दप्तर सांभाळणाऱ्याचं. दुसऱ्या कुणी सांगितलं, आमचं ज्योतिषाचं. साहेब खुश. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि मी दिसलो.

"आणि तुझं? इतकी वर्षं तुझ्याबरोबर काम करतोय, कधी विचारलंच नाही."

हॉल गप्प झाला. अगदी गप्प. साहेबांना ते कळलं नसेल, मला कळलं. मी उठायच्या आत सेक्रेटरी घाईनं म्हणाले, "त्यांचं आपलं गावावरून पडलेलं आहे, सर. व्हिलेज नेम." आणि माझ्याकडं बघून त्यांनी डोळे मिटून मान हलवली. काळजी करू नका, सांभाळून घेतलं, अशी.

मला आयुष्यात पुष्कळदा राग आलाय. असा नाही आला. गठ्ठा हातात दिला तेव्हाही नाही. आपसांत असताना जे आडनाव चेष्टेला चालतं ते साहेबासमोर झाकायचं, आणि वर माझ्यावर उपकार केल्याचं तोंड करायचं! ओढ्यात उभं राहून माझ्या आजोबांची बोटं कुजली त्याची लाज यांना वाटते, आणि ती लाज माझी आहे असं धरून हे मला पांघरूण घालतात.

मी उभा राहिलो. "नाही सर, चुकीची माहिती. गावावरून नाही. परीट म्हणजे कपडे धुणारा. माझे आजोबा धुवायचे, वडील धुवायचे. तुमच्या घराण्याचं आणि आमचं काम एकच."

साहेबांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. "अरे! म्हणजे आपण भाऊबंद!" ते खाली उतरून आले, माझा हात हातात घेतला आणि विचारायला लागले, माती कुठली, पाण्यात काय घालायचे, पाय की दगड. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या मागं हॉल हसला, पण मघाचं हसू आणि हे हसू यात फरक होता. हे जरा जास्त मोठं होतं आणि लवकर संपलं. सेक्रेटरींनी चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

चहाला बटाटेवडे होते. मी साहेबांबरोबर उभा होतो, पण कान बायकोकडं होता. सेक्रेटरींच्या मिसेस तिला बाजूला घेऊन आल्या होत्या.

"वहिनी, मिस्टरांना सांगा हं, एवढं मनाला लावून घेऊ नये. आमच्या ह्यांनी चांगल्या मनानं झाकलं."

"काय झाकलं?"

"म्हणजे, फॉरेनरसमोर कशाला ना. आपण आपसांत मानतो का काही?"

"फॉरेनरनं स्वतःचं सांगितलं की. मुतात कपडे तुडवायचो म्हणाले. तुम्ही पुढच्या रांगेत टाळ्या वाजवल्या."

"अहो, ते वेगळं!"

"कसं वेगळं?"

"ते म्हणजे, त्यांची हिस्ट्री आहे."

"आणि आमची?"

बाई बावरल्या. "तुम्ही पण ना वहिनी! वडा घ्या." त्यांनी खरोखरच वडा पुढं केला. बायकोनं घेतला नाही. तिचा चेहरा मी ओळखतो. ओला शर्ट झटकायच्या आधी असतो तसा झाला होता.

घरी निघालो तर सेक्रेटरी जोडपं त्याच मेट्रोच्या गाडीत. लिटल इंडियाला चढलो. त्यांना पुढच्याच स्टेशनला उतरून ईस्ट कोस्टची लाइन पकडायची होती, आम्ही तसेच पुढं. गर्दी होती, चौघं दांडीला धरून तोंडासमोर तोंड करून उभे, मुलगी मध्ये. गाडीत पुढच्या स्टेशनचं नाव पुकारलं गेलं: धोबी घाट.

हे नाव मुलीनं शेकडो वेळा ऐकलं असेल. पूर्वी एकदा तिनं विचारलंही होतं, धोबी म्हणजे काय, तेव्हा बायको म्हणाली होती, "काही नाही, नाव आहे." आज हॉलमध्ये तिनं काय ऐकलं होतं कोण जाणे, तिनं पुन्हा विचारलं.

"ममा, धोबी म्हणजे सेम लाइक परीट, इझ इट?"

सेक्रेटरीबाई लगबगीनं म्हणाल्या, "अगं शोनू, ते नुसतं स्टेशनचं नाव आहे."

"नुसतं नाही," बायको म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा होता. "इथं पूर्वी ओढा होता. आपल्याकडून आलेले धोबी इथं गावाचे कपडे धुवायचे. धोबी म्हणजे परीट. तुझे आजोबा तेच करायचे, आणि आजोबांचे वडील. आज ते साहेब बोलले ना, त्यांच्या घरी पण."

"ओ," मुलगी म्हणाली. "सो दिस इज अवर स्टेशन?"

"हो."

दार उघडलं. सेक्रेटरी खाली बघत म्हणाले, "चला, आमचं स्टेशन आलं," आणि उतरले. त्यांच्या मागं बाई. वळून हात करायचं त्यांना सुचलं नाही.

गाडी सुटल्यावर बायको म्हणाली, "उद्या माझ्या भावाला कागद पाठवू नका."

माझ्या तोंडावर काय दिसलं असेल ते असो, ती फणकारली. "तुमच्या वडिलांचा मान राखायला नाही हं. हे मनातून काढा."

"मग?"

"ह्यांना वाचायला लागू दे. दरवेळी. शाळेच्या यादीत, मंडळाच्या बक्षिसात, लग्नाच्या पत्रिकेत. झाकू दे किती झाकतात ते."

मला आनंद व्हायला हवा होता. मी महिनोन् महिने जे मागत होतो ते मिळालं होतं. पण माझ्या वडिलांचं आडनाव माझ्या मुलीकडं राहणार ते कुणाच्या तरी थोबाडीत मारायला, हे मला नको होतं. मला ते साहेबांसारखं राहायला हवं होतं, नकाशावरच्या ठिपक्यासारखं, म्हातारपणी सूट घालून गंमत सांगण्यासारखं. त्या गमतीला लागणारी शांतता आमच्या वाट्याला येऊ द्यायची नाही असं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यावरचा राग माझा अजून उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला फोन केला.

"दाजी, कागद?"

"नाही पाठवत. पासपोर्ट परीट नावानंच काढायचा. तुझ्या बहिणीनं ठरवलंय."

"ताईनं?" मागं त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली. "का हो? काय झालं?"

मी सगळं सांगितलं. साहेब, नकाशा, व्हिलेज नेम, बटाटेवडा. तो मध्ये एकदा हसला, एकदा त्यानं त्या सेक्रेटरीला एक अस्सल सातारी शिवी दिली.

"म्हणजे आता घरात परीट तुम्ही तिघं," म्हणाला, "आणि मी एकटाच कर. माझं काय मग, दाजी?"

मी म्हटलं, जेव, मग बोलू.